मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे दस्तऐवजीकरण

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे दस्तऐवजीकरण म्हणजे मुक्त परवान्याखालील संगणकप्रणाली कशी बसवावी, कशी वापरावी आणि तिच्यात बदल कसा करावा, याचे लेखी किंवा दृक्‌श्राव्य मार्गदर्शन तयार करण्याचे व ते सतत सुधारत राहण्याचे काम होय. मुक्तस्रोत प्रणालीची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, वापरता, बदलता आणि पुन्हा वितरित करता येते. हा हक्क परवाना देतो; परंतु तो बजावण्यासाठी लागणारी समज दस्तऐवजातूनच मिळते. दस्तऐवज अस्पष्ट असेल, तर प्रणाली विनामूल्य असूनही ती केवळ जाणकारांपुरती उरते. जवळ शिकवणारे कोणी नसलेल्या विद्यार्थ्याला या उणिवेची सर्वांत जास्त झळ बसते.

महाराष्ट्रात या प्रश्नावर पद्धतशीर काम मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी मुंबई) झाले आहे. तेथील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ आणि ‘फॉसी’ या प्रकल्पांनी मुक्तस्रोत प्रणालींचे शिक्षणसाहित्य तयार केले असून त्यातील बराच भाग मराठीत उपलब्ध आहे.

स्वरूप आणि प्रकार

दस्तऐवजीकरणात अनेक प्रकारचा मजकूर येतो: प्रकल्पाची ओळख करून देणारे ‘रीडमी’ पान, प्रणाली बसवण्याच्या सूचना, प्रारंभिक धडे, आज्ञांची सूची, चुकीचे संदेश व त्यांवरील उपाय, आवृत्त्यांमधील बदलांची नोंद आणि नव्या सहभागींसाठी नियम. प्रणालीच्या पडद्यावर दिसणारे छोटे संदेश आणि आज्ञावलीत लिहिलेल्या टिपा यांचाही समावेश व्यापक अर्थाने दस्तऐवजीकरणात होतो.

जँगो या मुक्तस्रोत प्रकल्पाशी संबंधित असलेले डॅनियेले प्रोचिडा यांनी दस्तऐवजांची चार गटांत विभागणी केली आहे. ‘डायटॅक्सिस’ या नावाने ती ओळखली जाते.

• धडा: नवख्याला हाताला धरून पहिला यशस्वी प्रयोग करून देणारा मजकूर.
• कृती: विशिष्ट काम कसे करावे हे सांगणाऱ्या क्रमवार पायऱ्या.
• संदर्भ: आज्ञा, पर्याय व त्यांचे अर्थ यांची नेमकी आणि संपूर्ण नोंद.
• विवेचन: एखादी गोष्ट तशी का आहे, याचे स्पष्टीकरण.

पाककृतीचे पुस्तक, शब्दकोश आणि व्याकरणाचे विवेचन ही तिन्ही उपयुक्त पुस्तके आहेत. परंतु एकाच पानावर ती मिसळली, तर वाचकाला हवे ते सापडत नाही. अनेक दस्तऐवजांतील गोंधळ माहितीच्या अभावामुळे नसतो; तो अशा मिश्रणामुळे असतो. संदर्भसूची भरपूर असते, मात्र पहिला धडा नसतो, ही या क्षेत्रातील नेहमीची स्थिती आहे.

इतिहास

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत तयार केलेल्या युनिक्स प्रणालीच्या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. प्रत्येक आज्ञेचे नाव, रूप, वर्णन आणि ज्ञात दोष ठरावीक क्रमाने नोंदवण्याची तिची मांडणी आजच्या लिनक्समधील ‘मॅन’ पानांतही टिकून आहे. तिचे पहिले वाचक प्रयोगशाळेतील जाणकारच होते. त्यामुळे ती नेमकी आणि आटोपशीर होती, पण नवख्यासाठी लिहिलेली नव्हती.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त प्रणालींना मुक्त मार्गदर्शिका हव्यात, अशी भूमिका त्यांनी पुढे मांडली. आज्ञावली बदलण्याचा हक्क असेल, पण मार्गदर्शिका बदलण्याचा नसेल, तर बदललेल्या प्रणालीचे वर्णन करणारा दस्तऐवज देता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. याच विचारातून २००० मध्ये ‘ग्नू मुक्त दस्तऐवजीकरण परवाना’ अस्तित्वात आला. पुढे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्यांचाही या कामासाठी मोठ्या प्रमाणावर वापर होऊ लागला.

१९९१ मध्ये लिनक्सचा उदय झाल्यानंतर स्वयंसेवकांनी ‘लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट’ उभारला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्फिंक्स’ या साधनामुळे पायथन भाषेचे दस्तऐवज सुव्यवस्थित रूपात प्रकाशित करणे सोपे झाले. दस्तऐवज लिहिणाऱ्यांची ‘राइट द डॉक्स’ ही परिषद २०१३ पासून भरू लागली. २०१९ मध्ये गूगलने ‘सीझन ऑफ डॉक्स’ हा उपक्रम सुरू केला. मुक्तस्रोत प्रकल्पांना तांत्रिक लेखकांचे साहाय्य मिळवून देणे हा त्याचा हेतू होता.

अस्पष्टतेची कारणे

गिटहबने २०१७ मध्ये केलेल्या मुक्तस्रोत सर्वेक्षणात ९३ टक्के प्रतिसादकांना अपूर्ण किंवा कालबाह्य दस्तऐवजांचा अनुभव आल्याचे आढळले. त्याच सर्वेक्षणात प्रकल्पांना हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्के जणांनी आपण दस्तऐवजांसाठी क्वचित किंवा कधीच काम करत नसल्याचे सांगितले. उणीव सर्वांना दिसते आणि ती भरून काढणारे थोडे असतात. याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

जाणकाराला नवख्याची अडचण दिसत नाही. ज्याने प्रणाली घडवली, त्याच्या दृष्टीने अनेक पायऱ्या इतक्या सवयीच्या असतात की त्या सांगायच्या राहून जातात. ‘केवळ’, ‘सहज’, ‘नेहमीप्रमाणे’ असे शब्द जेथे येतात, तेथे बहुधा एखादी पायरी गाळलेली असते.

प्रणाली बदलते, मजकूर तसाच राहतो. नव्या आवृत्तीत कळीचे नाव किंवा जागा बदलली, तरी जुने पान वाचले जातच राहते. चुकीचा दस्तऐवज हा नसलेल्या दस्तऐवजापेक्षा अधिक त्रासदायक ठरतो, कारण वाचक त्यावर विश्वास ठेवून चुकीच्या दिशेने वेळ घालवतो.

श्रेय कमी मिळते. नवी सुविधा जोडणाऱ्याचे नाव होते. गोंधळात टाकणारे वाक्य सरळ करणाऱ्याचे काम चटकन नजरेत येत नाही.

इंग्रजी ही दुसरी भिंत असते. बहुतेक दस्तऐवज प्रथम इंग्रजीत लिहिले जातात. गिटहबच्या वरील सर्वेक्षणातील जवळपास एक चतुर्थांश प्रतिसादकांनीही आपले इंग्रजी वाचन-लेखन उत्तम नसल्याचे नमूद केले होते. लांब वाक्ये, वाक्प्रचार आणि संदर्भावाचून वापरलेली संक्षेपे यांमुळे अशा वाचकांची अडचण वाढते.

सुधारणेची पद्धत

अस्पष्ट दस्तऐवज सुधारण्याचे सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे नवख्या वाचकाकडून घेतलेली चाचणी. प्रणाली न वापरलेल्या व्यक्तीला केवळ मजकूर द्यावा, तोंडी कोणतीही मदत करू नये, आणि ती व्यक्ती जेथे थांबते ती प्रत्येक जागा नोंदवावी. ती अडली, याचा अर्थ मजकुरात उणीव आहे, असेच येथे मानले जाते.

पुढील सूचना उदाहरणादाखल घेता येईल: ‘मराठी टंकलेखनासाठी योग्य इनपुट मेथड सक्षम करून सत्र पुन्हा सुरू करावे.’ जाणकाराला हे वाक्य पुरेसे वाटते. नवख्याला मात्र चार प्रश्न पडतात. ‘योग्य’ म्हणजे कोणती? ती कोठे सापडते? ‘सत्र’ म्हणजे संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा का? आणि काम झाले हे कशावरून ओळखायचे? उबुंटू प्रणालीसाठी हीच सूचना अशी लिहिता येते:

१. ‘सेटिंग्ज’ उघडा आणि डावीकडील यादीतून ‘कीबोर्ड’ निवडा.
२. ‘इनपुट सोर्सेस’ या भागात नवी भाषा जोडण्याचा पर्याय दाबा.
३. मराठी भाषा शोधा, तिची इन्स्क्रिप्ट मांडणी निवडा आणि ‘ॲड’ दाबा.
४. मजकूर लिहिण्याची कोणतीही खिडकी उघडा. ‘सुपर’ कळ (अनेक कळफलकांवर तिच्यावर खिडकीचे चिन्ह असते) दाबून ठेवून स्पेसबार दाबा.
५. आता इंग्रजी ‘के’ची कळ दाबा. ‘क’ उमटला, तर मांडणी चालू झाली. इंग्रजी अक्षरच उमटले, तर पडद्याच्या वरच्या पट्टीतील भाषेचे चिन्ह पाहा आणि चौथी पायरी पुन्हा करा.

दुसरा मजकूर मोठा आहे, तरी तो समजायला सोपा आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत, पडद्यावर दिसणारे शब्द जसेच्या तसे दिले आहेत, यशाची खूण सांगितली आहे आणि अपयश आल्यास काय करावे हेही सांगितले आहे. शेवटच्या दोन गोष्टी अस्पष्ट दस्तऐवजांत बहुधा नसतात.

मुक्तस्रोत प्रकल्पांत अशी सुधारणा कोणालाही सुचवता येते. प्रकल्पाच्या दोष-नोंदवहीत पानाचे नाव, न समजलेले वाक्य, वापरलेली आवृत्ती, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्ष परिणाम नोंदवणे ही पहिली पायरी होय. ‘समजत नाही’ एवढ्या नोंदीचा उपयोग होत नाही. ‘तिसऱ्या पायरीत सांगितलेली कळ माझ्या पडद्यावर नाही’ या नोंदीचा होतो. पुढची पायरी म्हणजे स्वतः पर्यायी वाक्य लिहून पाठवणे. प्रकल्पाचे जबाबदार सदस्य ते तपासून स्वीकारतात किंवा बदल सुचवतात. आज्ञावली लिहिता न येणाऱ्या व्यक्तीलाही हे काम करता येते. किंबहुना तिचे नवखेपण येथे उपयोगी पडते. ते फार काळ टिकत नाही, म्हणून अडलेली जागा अडल्या क्षणीच टिपून ठेवणे इष्ट असते.

महाराष्ट्रातील उपक्रम

स्पोकन ट्यूटोरियल

आयआयटी मुंबईतील प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली हा प्रकल्प उभा राहिला. केंद्र सरकारच्या ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे राष्ट्रीय शिक्षण अभियाना’तून त्याला निधी मिळाला. लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब, पायथन, सी, जावा, लेटेक, जिम्प आदी मुक्तस्रोत विषयांवर सुमारे दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती तयार करणे हे त्याचे मुख्य काम होय. चित्रफितीत संगणकाचा पडदा दिसतो आणि त्यावरील प्रत्येक कृतीचे निवेदन ऐकू येते. विद्यार्थ्याने चित्रफीत थांबवत थांबवत तीच कृती शेजारी आपल्या खिडकीत करून पाहावी, अशी अपेक्षा असते. शिक्षकाच्या अनुपस्थितीत स्वतः शिकता यावे, हे या साहित्याच्या रचनेमागील मूळ सूत्र आहे.

या प्रकल्पाची कार्यपद्धती दस्तऐवजीकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ध्वनिमुद्रणापूर्वी प्रत्येक धड्याची लेखी संहिता तयार केली जाते. एका रकान्यात पडद्यावरील कृती आणि दुसऱ्यात निवेदन, अशी तिची मांडणी असते. विषयतज्ज्ञाच्या तपासणीबरोबरच ही संहिता नवख्या व्यक्तीकडूनही तपासली जाते. केवळ संहिता वाचून त्या व्यक्तीला कृती करता आली पाहिजे, ही कसोटी असते. तज्ज्ञ मजकूर बरोबर आहे का ते पाहतो. नवखा तो पुरेसा आहे का ते पाहतो. दोन्ही तपासण्या आवश्यक मानल्यामुळे गाळलेल्या पायऱ्या मुद्रणापूर्वीच लक्षात येतात.

त्यानंतर संहितेचे मराठीसह २२ भारतीय भाषांत अनुवाद करून निवेदन मुद्रित करण्याची योजना आहे. पडद्यावरील चित्र इंग्रजीच ठेवले जाते आणि केवळ आवाज बदलला जातो. यामुळे विद्यार्थ्याला समज मातृभाषेत मिळते आणि प्रत्यक्ष कामात समोर येणाऱ्या इंग्रजी नावांचीही सवय होते. याच कारणाने तांत्रिक संज्ञा अनुवादातही बहुधा मूळ रूपातच ठेवल्या जातात. चित्रफिती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असून त्या उतरवून घेऊन जाळ्याच्या जोडणीविना पाहता येतात.

पाठ्यपुस्तक सहचर

‘फॉसी’ हा आयआयटी मुंबईतील दुसरा प्रकल्प शिक्षणात मुक्तस्रोत प्रणालींचा वापर वाढवण्यासाठी आहे. मायावी या मुक्तस्रोत साधनाचे कर्ते प्राध्यापक प्रभू रामचंद्रन हेही त्याच्याशी निगडित आहेत. फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेत विकसित झालेली सायलॅब ही प्रणाली अभियांत्रिकीच्या गणितासाठी उपयोगी होती. परंतु विद्यार्थ्यांना समजतील अशी उदाहरणे तिच्यासाठी कमी होती. यावर ‘पाठ्यपुस्तक सहचर’ ही योजना काढण्यात आली. विद्यार्थी एखादे प्रमाण पाठ्यपुस्तक निवडतात, त्यातील सोडवलेल्या उदाहरणांसाठी सायलॅबमध्ये आज्ञावली लिहितात आणि तपासणीनंतर ती सर्वांसाठी प्रकाशित होते. काम पूर्ण करणाऱ्यास मानधनही दिले जाते. पुस्तकात उत्तर छापलेले असल्याने आज्ञावलीचे उत्तर बरोबर आहे का, हे कोणालाही पडताळता येते. अशा रीतीने वर्गात वापरात असलेले पुस्तकच प्रणालीच्या दस्तऐवजाचा आधार बनते.

मराठीतील दस्तऐवजीकरण

परिभाषा

मराठीत एकाच संकल्पनेसाठी अनेक शब्द वापरले जातात. ‘फाइल’, ‘संचिका’ आणि ‘धारिका’ किंवा ‘सेव्ह करा’, ‘जतन करा’ आणि ‘साठवा’ ही त्याची उदाहरणे होत. यांपैकी कोणता शब्द श्रेष्ठ, यापेक्षा एका दस्तऐवजात एकच शब्द वापरला गेला की नाही, हा प्रश्न वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो. दोन शब्द आले की वाचक दोन वेगळ्या वस्तू समजतो. पडद्यावर वारंवार येणाऱ्या संज्ञा भाषावार निश्चित करण्यासाठी ‘फ्यूएल’ हा मुक्तस्रोत प्रकल्प काढण्यात आला असून त्यात मराठीचाही समावेश आहे.

चांगला पारिभाषिक शब्द स्वतःच अर्धे मार्गदर्शन करतो. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानासाठी ‘धूळपाटी’ हा शब्द रूढ आहे. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवीत आणि पुन्हा पुसत. त्यामुळे येथे चुकले तरी हरकत नाही, हे त्या शब्दातूनच कळते.

अनुवादासाठी दस्तऐवज

अनुवादकालाही दस्तऐवजाची गरज असते. इंग्रजीतील ‘ओपन’ या एका शब्दाचा अनुवाद ‘उघडा’ करायचा की ‘उघडलेले’, हे तो शब्द कळीवर आहे की स्थितिदर्शक पाटीवर, यावर अवलंबून असते. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालते, तिचे संदेश ‘ट्रान्सलेटविकी’ या संकेतस्थळावर अनुवादित होतात. तेथे संदेशासोबत तो कोठे आणि कशासाठी दिसतो याची टीप ठेवण्याची सोय आहे. अशी टीप नसेल, तर मराठी पडद्यावरील चूक अनुवादकाची दिसते, पण तिचे मूळ टीप नसण्यात असते.

वाक्यरचना

मराठीत सूचना लिहिताना कर्ता स्पष्ट असणे आवश्यक ठरते. ‘फाइल जतन केली जाते’ या कर्मणी रचनेतून फाइल प्रणाली आपोआप जतन करते की वापरकर्त्याने करायची असते, हे कळत नाही. ‘फाइल जतन करा’ आणि ‘प्रणाली फाइल आपोआप जतन करते’ ही दोन वाक्ये निःसंदिग्ध आहेत. तसेच ‘निवडा’, ‘निवडावे’ आणि ‘निवडू शकता’ यांत अनुक्रमे कृती, शिफारस आणि ऐच्छिकता असा फरक ठेवता येतो. तो एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळल्यास वाचकाला कोणती पायरी अनिवार्य आहे हे समजते. ‘ते’, ‘त्यात’, ‘वरील’ अशा निर्देशांऐवजी वस्तूचे नाव पुन्हा लिहिणे ललित लेखनात दोष ठरेल. सूचनेत मात्र तो गुण आहे.

तालुक्याच्या गावांतील उपयोग

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईबाहेर कोकणात पसरलेले आहे. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ही तालुक्याची गावे त्यातच येतात. पेणचे भाऊसाहेब नेने महाविद्यालय आणि रोह्याचे डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या नावाचे महाविद्यालय ही दोन्ही या विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठ एकच असल्याने परीक्षेची अपेक्षा महानगरातील आणि तालुक्यातील विद्यार्थ्याकडून सारखीच असते. अडचण आल्यावर विचारायला जाणकार मित्र, व्यवसायातील अभियंते वा सभा-परिषदा मात्र महानगरात अधिक असतात. ही तफावत भरून काढण्याचे काम स्पष्ट दस्तऐवज करू शकतो, आणि अस्पष्ट दस्तऐवज तीच वाढवतो.

स्थानिक उदाहरणांनी दस्तऐवज अधिक समजण्याजोगा होतो. लिबरऑफिस कॅल्कमधील बेरीज व वजाबाकी शिकवताना परकीय कंपनीच्या विक्रीचा तक्ता देण्याऐवजी पेणमधील गणेशमूर्तींच्या कारखान्याची नोंदवही घेता येते. मूर्तीची उंची, ठरलेली किंमत, आगाऊ रक्कम आणि येणे बाकी असे तिचे रकाने होतील. बाकी काढण्याचे सूत्र पेणच्या विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पायथनमध्ये सरासरी व आलेख शिकवताना रोह्याजवळून वाहणाऱ्या कुंडलिका नदीच्या खोऱ्यातील पावसाच्या रोजच्या नोंदी हेही तसेच उदाहरण ठरते. मुक्त परवान्यामुळे मूळ धड्यात असा बदल करून तो पुन्हा वाटण्यास आडकाठी नसते. श्रेय देणे आणि परवान्याच्या अटी पाळणे एवढेच आवश्यक असते.

मर्यादा

ध्वनिचित्रफीत नवख्याला सोपी वाटते, पण ती सुधारणे कठीण असते. लेखी पानातील एक शब्द क्षणात बदलता येतो. चित्रफितीत त्यासाठी पुन्हा मुद्रण करावे लागते, आणि ती अनेक भाषांत असेल तर हे काम तितक्या पटींनी वाढते. पडद्याची मांडणी बदलली की जुनी चित्रफीत गोंधळात टाकू शकते. शिवाय चित्रफितीत एखादा शब्द शोधणे अवघड असते. त्यामुळे चित्रफितीसोबत तिची लेखी संहिता आणि वापरलेली आवृत्ती देणे उपयुक्त ठरते.

यांत्रिक अनुवादामुळे मराठी मजकूर लवकर तयार होतो. मात्र आज्ञांची नावेही अनुवादित होण्याचा, त्यामुळे त्या न चालण्याचा धोका असतो. भाषानिर्मिती करणाऱ्या संगणकीय प्रतिमानांनी लिहिलेल्या सूचना वाचायला सुबक असतात, परंतु त्यांत अस्तित्वात नसलेले पर्यायही आढळतात. अशा मजकुरालाही वरील कसोटीच लागू पडते: नवख्या व्यक्तीने तो समोर ठेवून प्रत्यक्ष कृती करून पाहणे.

स्वयंसेवी काम सातत्याने चालू राहणे ही आणखी एक अडचण आहे. अनुवाद एकदा पूर्ण होतो, पण मूळ इंग्रजी मजकूर बदलत राहतो. मराठी पान कोणत्या आवृत्तीवर आधारलेले आहे याची नोंद नसेल, तर ते किती जुने झाले हे वाचकाला कळत नाही आणि नव्या स्वयंसेवकाला काम कोठून सुरू करावे हेही समजत नाही. म्हणून पानाच्या आरंभीच आवृत्ती आणि शेवटच्या तपासणीचा दिनांक लिहिणे हा दस्तऐवज टिकवण्याचा सर्वांत कमी खर्चाचा उपाय मानला जातो.